दृढीकरण संस्कार घेतेयस? मग हे आधी वाच

अगं, दृढीकरण म्हणजे आपलं कन्फर्मेशन, बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास पक्का करणारा कॅथलिक विधी. सगळ्यात आधी घाबरू नकोस, बिशप तिथं तोंडी परीक्षा घ्यायला उभे नसतात. प्रश्न बाप्तिस्म्याच्या वेळचेच, सैतानाचा त्याग करता का, विश्वास ठेवता का, सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं.

बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच मागवून ठेव. तुझा बाप्तिस्मा गावाकडच्या चर्चमधे झालाय ना, तिथून नाशिकला कागद यायला वेळ लागतो, आणि माझ्या वेळी तो शेवटच्या आठवड्यात आला तेव्हा आईची काय धावपळ झाली ते मलाच माहीत.

स्पॉन्सर म्हणून, म्हणजे विधीत तुझ्या पाठीशी उभं राहायला, आईबाबा चालत नाहीत, १६ पूर्ण झालेली आणि स्वतः दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती लागते. तुझी बाप्तिस्म्याची गॉडमदर, म्हणजे धर्ममाता, असेल तर उत्तमच, फक्त फोटोत छान दिसेल म्हणून कोणाला निवडू नकोस, जी तुझ्यासाठी खरंच प्रार्थना करेल तिलाच विचार.

आदल्या दिवशी कन्फेशन, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली, नक्की कर. केस मागे बांध, कपाळावर यायला नकोत, कारण बिशप अंगठ्याने तिथंच क्रिझम नावाच्या पवित्र तेलाचा क्रूस काढतात. ते ऑलिव्हचं तेल आणि बाल्सम हा सुगंधी डिंक, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास बिशपांनीच आशीर्वादित केलेलं. "पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा" हे शब्द कानावर आले की मोठ्याने आमेन म्हण. माझ्या वेळी स्पॉन्सर असलेल्या मावशीचा हात खांद्यावर होता, थरथरत होता, आणि तो सुगंध मला नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात बसले तरी अजून आठवतो. हा संस्कार एकदाच मिळतो गं, त्या क्षणी मोबाईलचा विचारसुद्धा मनात आणू नकोस.