आज्ञांच्या आधीचं एक वचन

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

संडे स्कूलचा आठ ते दहा वर्षांचा वर्ग तुझ्याकडे आलाय आणि सुरुवात दहा आज्ञांनी आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकाचा विसावा अध्याय उघडलास की थेट तिसऱ्या वचनावर जाऊ नकोस. दुसरं वचन आधी फळ्यावर लिही. मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं, असं देव तिथे सांगतो. सुटका आधी, आज्ञा नंतर. हा क्रम उलटला की मुलं ठरवून टाकतात, नीट वागलो तरच देव आपला. एकदा बसलेली ही समजूत सहजी निघत नाही. म्हणून पहिला अख्खा रविवार मिसरातल्या गुलामीच्या विटा, वल्हांडण (सुटकेच्या रात्रीचा सण) आणि तांबडा समुद्र यांनाच दे.

पुढे एका रविवारी दोनच आज्ञा घे. दहा मिनिटं सांग, उरलेला वेळ मुलांना बोलू दे. चौथ्या आज्ञेला, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळण्याच्या आज्ञेला, मात्र पूर्ण तास लागेल. शब्बाथाचं कारण निर्गम २०:११ मध्ये सृष्टीची निर्मिती आहे, तर अनुवाद या पुस्तकात ५:१५ मध्ये मिसरातली गुलामी. दोन्ही वचनं मुलांकडूनच वाचून घे आणि फरक त्यांना शोधू दे. मग विश्रांती कुणाकुणाला, त्याची यादी काढायला लाव: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, परका. नंतर विचार, ‘रविवारी आईला सुट्टी असते का?’ वर्ग गप्प झाला तर घाईने बोलू नकोस.

नवव्या आज्ञेचा अर्थ ‘खोटं बोलू नको’ एवढाच लावला जातो. मूळ शब्द खोट्या साक्षीचे आहेत. दोघातिघांच्या साक्षीवर निवाडा व्हायचा, त्यामुळे खोट्या साक्षीने माणसाचा जीवही जाई. मुलांना सांगताना शाळेतली फुटलेली काच घे: पाहिलं नसताना कुणाचं नाव घेतलं, तर मार कोण खाणार? सातव्या आज्ञेला, म्हणजे ‘व्यभिचार करू नको’ हिला, नवरा-बायकोने एकमेकांना दिलेला शब्द पाळणं, एवढं या वयाला पुरे.

‘आईबापाचा मान राख’ शिकवताना सावध राहा. घरी कुणी मारतं किंवा नको तिथे हात लावतं असं एखादं मूल सांगू लागलं, तर ही आज्ञा पुढे करून त्याला गप्प करायचं नाही. ऐकून घे, खोदून विचारू नकोस, ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नकोस. १०९८ ही चाइल्डलाइन आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची (चर्चची) अब्रू वगैरे मध्ये येत नाही.

दोन प्रश्न हमखास येतील. वसईची कॅथलिक चुलतभावंडं आईबापाच्या आज्ञेला, आपल्या पाचवीला, चौथी का म्हणतात? त्यांच्याकडे मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतात आणि लोभाच्या दोन करतात, मजकूर तोच. दुसरा प्रश्न निर्गम २०:५ चा, जिथे बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत म्हटली आहे. ‘पप्पांची शिक्षा मला?’ असं मूल घाबरून विचारतं. तिथल्या तिथे यहेज्केल या पुस्तकातलं १८:२० वाचून दाखव: बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. मूर्तीच्या आज्ञेवरून शेजारच्या मित्राच्या देवघराची टिंगल सुरू झाली, तर तीही लगेच थांबव. आज्ञा सुटका झालेल्यांना दिली होती, शेजाऱ्याला चिडवायला नाही.

आज्ञा लिहिलेल्या दोन दगडी पाट्यांसारख्या पुठ्ठ्याच्या पाट्या करून घेशीलच. प्रत्येक मुलामागे दोन नाही, चार तुकडे काप. शेवटच्या रविवारी निर्गम ३२ मधलं सोन्याचं वासरू आणि मोशेने रागाने फोडलेल्या पाट्या सांग आणि पहिल्या दोन पाट्या खरंच फाडू दे. कुणीतरी विचारेलच, ‘आता काय?’ तेव्हा देव नव्या पाट्या देतो तो चौतिसावा अध्याय वाच आणि उरलेला पुठ्ठा वाट.

तुझा,
दादा