वाचक विचारतात : परदेशात गेल्यावर तिथलं आईस्क्रीम खावं का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं जूनमध्ये ग्रुप टूरनं इटली आन् तुर्कस्तानला जायलोत, पहिल्यांदाच देशाबाहेर. मला आईस्क्रीमचं लई वेड, लहानपणी उदगीरला मामाच्या वाड्यात बर्फ-मीठ घालून पॉट फिरवायचो तेव्हापासूनचं. पण आम्ही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आन् यांना शुगर आहे. मैत्रिणी म्हणायल्यात तिकडं सगळ्यात अंडं असतं, नादी लागू नको. मग काय नुसतं काचेतून बघून यायचं का? आन् चांगलं दुकान ओळखायचं कसं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, खा, बिनधास्त खा. मैत्रिणींचं अर्धंच खरं आहे. जिलाटो म्हणजे इटलीतलं आईस्क्रीम, त्याच्या काही प्रकारांत अंड्याचा बलक असतो, सगळ्यात नाही. 'क्रेमा' आणि 'झाबायोने' ही बलकाचीच, झाबायोनेत वर वाईनपण असते, आणि 'मालागा' म्हणजे रममधले मनुके, तर ही तीन सोडून द्या. तुमच्यासाठी आहे 'फिओर दि लात्ते', म्हणजे दुधाचं फूल, ज्यात मुळात दूध, क्रीम आणि साखर एवढंच, व्हॅनिलासुद्धा नाही. तरी दुकानागणिक कृती बदलते म्हणून 'सेन्झा उओवा?' म्हणजे बिनअंड्याचं का असं विचारायचंच, आणि लाजायचं नाही, कारण युरोपात २०१४ पासून नियम आहे की सुट्ट्या पदार्थातही अंडं, दूध, शेंगदाणे असलं काही असेल तर ती माहिती गिऱ्हाइकाला मिळालीच पाहिजे. 'अल्लेर्जेनी' म्हणा, यादी दाखवतील. आणि जिलाटो नावावरून जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ, आठवतं बऱ्याच जणांना, पण जिलाटो म्हणजे नुसतं 'गोठवलेलं'.

आता दुकान. मी पहिल्यांदा रोमला गेले तेव्हा एका गर्दीच्या चौकात काचेमागे डोंगरासारखे रचलेले ढीग बघून भुलले, पिस्ता तर पोपटी, अगदी लग्नातल्या मांडवासारखा, आणि खाल्ल्यावर नुसता इसेन्सचा वास. पैसे गेले त्याचं नाही एवढं, पण इतक्या लांब जाऊन हे खाल्लं याचं लई वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या आत एक छोटं दुकान सापडलं, तिथं आईस्क्रीम दिसतच नव्हतं, सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, आणि पिस्ता मळकट हिरवा, जवळजवळ मातीच्या रंगाचा. तोच खरा. पिस्ता भाजून वाटला की रंग असाच होतो, आपण शेंगदाण्याचं कूट करतो तेव्हा नाही का कळत. केळ्याचं आईस्क्रीम पिवळंधमक असेल तर तेही नको, केळ्याचा गर कुठं पिवळा असतो. आणि ढीग जितका उंच तितका त्यात हवा नाहीतर स्टॅबिलायझर, म्हणजे आकार टिकवायला घातलेली पूड, जास्त, नुसतं दूध-साखर असं उभं राहत नाही. बऱ्याच ठिकाणी आधी कॅशवर पैसे भरून चिठ्ठी घ्यावी लागते, मग ती काउंटरवर द्यायची, तेवढं ध्यानात असू द्या.

माझं मनापासून सांगणं एकच, पहिला कप साध्या दुधाचाच घ्या. चॉकलेट, कॉफी, फळं यांच्या खाली काहीही लपतं, साध्या दुधात काही लपत नाही. भूमचा खवा, कुंथलगिरीचा पेढा खाऊन वाढलेली जीभ आहे आपली, दूध चांगलं की नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फरक लगेच जाणवेल. आपल्याकडं आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के मिल्क फॅट लागतं, जिलाटोत ते साधारण ४ ते ८ टक्केच, पण ते हळू घुसळतात म्हणून हवा कमी शिरते, आणि आपल्या फ्रीजरसारखं उणे १८ ला न ठेवता उणे १२ च्या आसपास ठेवून देतात, त्यामुळं जीभ बधिर होत नाही आणि चव पुरी लागते.

तुर्कस्तानात मात्र एकदम वेगळी दुनिया. तिथल्या आईस्क्रीमला दोंदुर्मा म्हणतात, त्याचं गाव कहरामानमराश, बकरीचं दूध आणि त्यात सालेप, म्हणजे रानटी ऑर्किडच्या कंदाची पूड. आपल्या आयुर्वेदिक दुकानात सालम मिश्री मिळते ना, तीच जात. त्यानं आईस्क्रीम इतकं चिवट होतं की लोखंडी दांड्याला चिकटून उलटं लटकतं, त्या कहरामानमराशमध्ये तर सुरी-काट्यानं खातात. इस्तंबूलला गाडीवाला तुमच्या हातातला कोन तीनदा पळवेल, आजूबाजूचे हसतील, त्याची तशी रीतच आहे, रागावू नका. पण चव घ्यायची असेल तर गाडीवर न थांबता बसून खायच्या दुकानात जा.

यांच्या शुगरचं आधी डॉक्टरांना विचारा, आणि सगळ्यात छोटा कप दोघांत एक, त्यात दोन चवी मागता येतात. 'पान्ना' म्हणून वर फेटलेलं क्रीम घालू का विचारतील, त्याला नाही म्हणा. 'सोर्बेत्तो' बिनदुधाचं म्हणून हलकं वाटतं पण साखर त्यातही भरपूर असते, फसू नका.

प्रश्न : आम्ही मित्र थायलंडला चाललोय. तिथं हातगाडीवर नारळाचं आईस्क्रीम मिळतं म्हणे. खाल्लं तर पोट बिघडंल का?
— परभणीचा वाचक

उत्तर : गारठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात, त्यामुळं प्रश्न बरोबर आहे. जिथं सारखी गर्दी असते आणि डबा लवकर रिकामा होतो तिथं खा. खाताना बर्फाचे खडे लागले तर ते वितळून परत गोठवलेलं आहे, सोडून द्या. स्कूप ज्या पाण्यात बुडवतात ते पाणी एकदा बघा. बाकी 'इतिम काथी' म्हणजे नारळाच्या दुधाचं आईस्क्रीम, नारळाच्या करवंटीत देतात, वर भाजलेले शेंगदाणे, मका, खाली चिकट भात. पावात घालूनही मिळतं, ऐकायला विचित्र आहे पण गरम दुपारी वितळलेलं सगळं पाव शोषून घेतो आणि शेवटचा घास सगळ्यात भारी लागतो. शेंगदाणे जास्तीचे मागा.