एसएसपीवर (कर्नाटकचं स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) स्कॉलरशिपचा अर्ज भरून चार महिने झाले, पैसे नाहीत. अजून वाट बघू का? (खानापूर, बीकॉम)

नुसती वाट बघू नकोस. आधी पोर्टलवर स्टेटस बघ. कॉलेजकडेच अडकलं असेल तर ऑफिसात जाऊन कागदपत्रांची पडताळणी झालीय का विचार. आपण गप्प बसलो की फाईलही गप्प बसते.

मंजूर दिसतंय पण खात्यात काही नाही, तर आधार सीडिंग तपास. खातं आधारशी नुसतं लिंक असून भागत नाही, एनपीसीआयला (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) जोडलेलं लागतं, त्यालाच सीडिंग म्हणतात. सगळ्यात शेवटी जे खातं सीड केलं, त्यातच पैसे पडतात. माझं तेच झालं. मी बेळगावात टिळकवाडीतल्या बँकेत दर सोमवारी पासबुक छापून घेत होतो आणि पैसे शाळेत असताना उघडलेल्या गावाकडच्या खात्यात! ते पासबुक आईच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत सापडलं. डीबीटी कर्नाटक अ‍ॅपवर (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांचं अ‍ॅप) कुठल्या खात्यात जमा झाले ते दिसतं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

नावही जुळव. आधारवर आडनाव शेवटी, मार्क्स कार्डवर आधी, असा घोळ आपल्याकडे फार. नाडकचेरीच्या (दाखले देणारं महसूल कार्यालय) उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांकही एकदा पडताळ. तोवर फीच्या हप्त्यासाठी प्राचार्यांना अर्ज देऊन ठेव, पोच घेऊन.