चिमीचं पोट आणि कपाटातल्या पाच पिशव्या

प्रश्न : डॉक्टर, आमची चिमी पाच महिन्यांची आहे. मिश्र जातीची, वजन ८ किलो. सात आठवड्यांची असताना घरी आणली आणि तेव्हापासून तिचं पोट काही ठिकाणावर नाही. दिवसातून पाच-सहा वेळा शी होते. पहिली जरा बांधलेली, मग सैल आणि शेवटी नुसती आव. कधी कधी त्यात रक्ताची बारीक रेघ असते. शी होऊन गेली तरी कुंथत बसते. एरवी खेळते, भूक चांगली आहे, गेल्या महिन्यात वजन ९०० ग्रॅम वाढलं. जंतांचं औषध दोनदा पाजलं. शी एकदा तपासून घेतली, त्यात काही सापडलं नाही. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. औषध चालू असेपर्यंत छान, बंद केलं की चौथ्या दिवशी पुन्हा तेच. तीन महिन्यांत पाच प्रकारचं खाद्य बदललं, सगळ्यांच्या अर्ध्या पिशव्या कपाटात पडून आहेत. उकडलेल्या चिकन-भातावर शी बरीच घट्ट होते, आव मात्र पूर्ण जात नाही. गेले तीन आठवडे फक्त तेच देतेय. तेच पुढे चालू ठेवू का? हे दुखणं जन्मभराचं आहे का? रात्री तीन वाजता तिला बाहेर घेऊन उभी राहते तेव्हा मला रडू येतं.

उत्तर : आधी घाईचं तेवढं सांगते. नुसत्या चिकन-भातावर चिमीला आता ठेवू नका. दोन-चार दिवस पोटाला विसावा म्हणून ते चालतं, पण वाढत्या पिल्लाचा तो पूर्ण आहार नाही. हाड काढलेल्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. शरीर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ देत नाही, कमी पडलं की ते हाडांतून काढून घेतं. साधारण चिमीच्याच वयाचं एक पिल्लू माझ्याकडे लंगडत आलं होतं. अडीच महिने फक्त चिकन-भात, तोही मोठ्या मायेनं भरवलेला. एक्स-रे दिव्यावर लावला तर मांडीचं हाड आणि भोवतालचं मांस यांत फरकच कळेना, दोन्ही सारखंच फिकट. खालच्या बाजूला, ओली काडी वाकावी तसं हाड दुमडलेलं. ते पिल्लू कुठून पडलं नव्हतं, सोफ्यावरून खाली उतरलं होतं इतकंच. आहार बदलल्यावर ते सुधारलं, पण तो एक्स-रे मी विसरलेले नाही. तीन आठवड्यांत चिमीचं इतकं नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही. पण चौथा आठवडा जाऊ देऊ नका. आणि भरपाई म्हणून कॅल्शियमची पावडर अंदाजाने घालू नका, वाढत्या हाडांना जास्तीचं कॅल्शियमही बाधतं.

आता पोटाकडे. तुम्ही शीचं वर्णन इतकं नेमकं केलंय की अर्धं काम झालं. थोडी थोडी, वारंवार, आव, ताज्या रक्ताची रेघ, कुंथणं ही सगळी मोठ्या आतड्याची लक्षणं. लहान आतडं बिघडलं की शी एका वेळी भरपूर होते, आव नसते आणि खाऊनही वजन उतरत जातं. चिमीचं वजन वाढतंय ही मोठी जमेची बाजू. त्यावरून एवढं म्हणता येतं की अन्न अंगी लागतंय आणि आपल्याकडे नीट, सावकाश काम करायला वेळ आहे.

पहिलं काम आहाराचं नाही. जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी पिल्लांमध्ये सर्रास आढळतो आणि तो रोज शीत उतरत नाही. आज नमुना स्वच्छ, परवाचा भरलेला, असं होतं. म्हणून एका नमुन्यात काही सापडलं नाही याचा अर्थ काही नाही असा धरू नका. तीन ते पाच दिवसांत तीन वेळच्या शीचे नमुने घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना जिआर्डियाची अँटिजेन चाचणीही करायला सांगा. नेहमीच्या जंतांच्या औषधाने तो जाईलच असं नाही. सापडला तर त्याचं औषध काही दिवस सलग द्यावं लागतं. शेवटच्या दिवशी पिल्लाला आंघोळ घालायची, मागच्या बाजूचे केस नीट धुवायचे, कारण त्याच्या सिस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचबंद पेशी, केसांना चिकटून राहतात आणि चाटताना पुन्हा पोटात जातात. शी पडली की लगेच उचलायची, झोपायची जागा कोरडी ठेवायची. ओलाव्यात तो टिकतो, कोरड्यात मरतो. जंतांचं औषधही दोनदा पाजून संपत नाही. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा, असा क्रम असतो. तो पुरा करून घ्या.

मेट्रोनिडाझोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तीन कोर्स झाले, चौथा मागू नका. औषध आहे तोवर बरं आणि बंद केलं की परत, हे तीनदा दिसलं म्हणजे मूळ कारण जागच्या जागी आहे. वर आतड्यातले उपयोगी जिवाणूही प्रत्येक कोर्समध्ये मार खातात आणि त्यांना सावरायला आठवडे लागतात.

नमुने स्वच्छ आले, की आहार. इथे मला तुमच्या कपाटातल्या पाच पिशव्यांबद्दल बोलायचंय. तीन महिन्यांत पाच खाद्यं, मध्ये मध्ये चिकन-भात, त्यात तीन वेळा औषध, म्हणजे कुठल्याही एका खाद्याला धड दोन आठवडे मिळाले नाहीत. नवीन खाद्य सुरू केलं की पहिले तीन-चार दिवस शी तशीही सैल होते, कारण आतड्यातल्या जिवाणूंना नव्या अन्नाची सवय व्हायची असते. तेवढ्यात आपण घाबरतो आणि पिशवी बदलतो. मीही हेच केलंय. माझी राणी पिल्लू असताना दोन महिने तिचं पोट असंच होतं. पुस्तकात वाचलेलं सगळं मी दुसऱ्यांना सांगत होते आणि घरी मात्र दर आठवड्याला नवी पिशवी उघडत होते. शेवटी चिकन नसलेलं एक खाद्य नक्की केलं, नेटाने पाळलं, तरी दहाव्या दिवशीही आव. एका संध्याकाळी तिला कॅल्शियमची गोळी देताना ती इतक्या आनंदाने उड्या मारायला लागली की मी डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली : चिकनचा स्वाद. चिकन बंद करून मी रोज तिला चिकनच भरवत होते. गोळी बंद केली आणि आठवड्यात शी बांधली गेली.

चिमीला चिकन-भातावर बरं वाटतंय म्हणजे चिकन तिला बाधत नसेल, असा तर्क तुमच्या मनात येईल. तो बरोबरही असेल. भात आणि चरबी काढलेलं मांस पचायला हलकं, म्हणून तेवढ्यानेही फरक पडतो. पण आव पूर्ण गेलेली नाही, म्हणून चिकनला मी अजून मोकळं सोडणार नाही. त्यासाठी तुमच्या डॉक्टरांशी बोलून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाद्य आणा. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखत नाही आणि त्यांच्यावर तुटून पडत नाही. पिशवीवर ते वाढीच्या वयासाठी पूर्ण आहार असल्याचं लिहिलंय ना, ते तपासा. असली काही खाद्यं फक्त मोठ्या कुत्र्यांसाठी असतात. तसं मिळालं नाही तर जे मांस चिमीने आजवर कधी तोंडात घेतलेलं नाही, अशा एकाच मांसाचं पिल्लांचं खाद्य चालेल. त्यासाठी त्या पाचही पिशव्यांमागची यादी वाचावी लागेल. पुढच्या बाजूला मेंढीचं चित्र आणि मागे यादीत चिकनची भुकटी, असं मी कितीदा पाहिलंय.

पाच ते सात दिवसांत जुनं कमी करत नवं वाढवा. मग पूर्ण १४ दिवस फक्त तेच आणि पाणी. बिस्किट नाही, दूध नाही, चघळायचं हाड नाही, स्वादाच्या गोळ्या नाहीत, कुत्र्यांची स्वादवाली टूथपेस्ट नाही. जंतांची किंवा गोचिडांची गोळी स्वादाची असेल तर डॉक्टरांकडून बिनस्वादाची मागून घ्या. शिकवताना बक्षीस हवंच, तर दिवसाच्या वाट्यातले वीस-तीस दाणे सकाळीच खिशात काढून ठेवा. घरातल्या सगळ्यांना बसवून हे सांगा, लहान मुलांना आणि आजी-आजोबांना आधी. ताटातला एक घास मायेनेच दिला जातो, पण चौदा दिवसांची मोजणी तिथे पुन्हा एकपासून सुरू होते. फिरायला नेताना पट्टा आखूड धरा. रस्त्यावर पडलेलं खाणं हेही खाणंच.

मापही बघा. पत्रात तुम्ही किती देता ते लिहिलं नाहीत, आणि जास्त खाणं हे सैल शीचं फार साधं, फार दुर्लक्षित कारण आहे. या वयाच्या ८ किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण साडेसहाशे ते सातशे कॅलरी लागतात. बऱ्याच पिशव्यांवर १०० ग्रॅममागे कॅलरी छापलेल्या असतात. त्या ३७० असतील तर दिवसभराचे १८० ग्रॅम झाले. वाटीने किंवा मगाने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा आणि तीन-चार वेळांत वाटून द्या. हा आकडा सुरुवातीचा. दर आठवड्याला वजन पाहून कमी-जास्त करायचा.

आणि एक वही ठेवा. रोज किती वेळा, आव किती, रक्त दिसलं का, आणि शीला १ ते ७ मधला एक आकडा : १ म्हणजे खडा, ७ म्हणजे पाणी. उचलताना आकार टिकतो आणि जमिनीवर फारसा डाग राहत नाही, ती २ किंवा ३. हीच आपल्याला हवी आहे. रात्री तीनला दमलेल्या माणसाला सगळंच वाईट दिसतं. वहीत मात्र दिसेल की मागच्या आठवड्यात सरासरी पाच होती आणि या आठवड्यात चार आहे.

अन्नामुळेच त्रास असेल तर बहुतेक पिल्लांत दोन आठवड्यांत फरक कळतो. फरक अर्धवट असेल तर तिसऱ्या आठवड्यात इसबगोल सुरू करा : पाव चमचा, पाण्यात चांगला भिजवून, दोन जेवणांत मिसळून. मोठ्या आतड्याच्या त्रासात तंतुमय पदार्थ खरंच उपयोगी पडतात. पण पहिल्या दिवसापासून नको, नाहीतर गुण खाद्याचा की इसबगोलाचा हे कळणार नाही.

दोन आठवड्यांत काडीचाही फरक नसेल किंवा वजन थांबलं तर पुढच्या तपासण्या : रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, बी १२ जीवनसत्त्व, स्वादुपिंडासाठी टीएलआय, यकृतासाठी बाइल अॅसिड, पोटाची सोनोग्राफी. त्या वेळी येणारा डॉक्टर तुमची वही पाहून निम्मे प्रश्न विचारणारच नाही.

जन्मभराचं आहे का, हे मला आज सांगता येणार नाही. पण पोट दोन-तीन महिने शांत राहिलं की अनेक कुत्री साध्या खाद्यावर परत येतात. तेव्हा एका वेळी एकच जुना पदार्थ द्यायचा आणि दोन आठवडे थांबून पाहायचं. जो दिल्यावर आव परत आली, तो सापडला. तोवर त्या पाच पिशव्या कुणाला तरी देऊन टाका, त्या कपाटात असतील तर हात तिकडे जाईलच. आणि रात्रीची पाळी घरातल्या दुसऱ्या कुणालाही घेऊ द्या, वही त्यांनाही भरता येते.

प्रश्न : पिल्लाला जुलाब झाले तर एक दिवस उपाशी ठेवावं, असं सगळे सांगतात. माझं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, अगदी लहान चणीचं. ठेवू का? आणि माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून देऊ का?

उत्तर : दोन्ही नको. एवढ्या लहान जिवाच्या अंगात साखरेचा साठा फारसा नसतो. काही तास उपाशी राहिलं तरी साखर उतरते, पिल्लू थरथरतं, लोळागोळा होतं. थोडं थोडं, हलकं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या आणि पाणी समोर ठेवा. गोळीचं म्हणाल तर अशा गोळ्यांतलं लोपेरामाइड हे औषध काही कुत्र्यांच्या, विशेषतः कोली जातीच्या, थेट मेंदूवर परिणाम करतं. शिवाय आतड्यात संसर्ग असेल तर तो आतच कोंडला जातो. उलट्याही सुरू झाल्या, खाणं सोडलं, शी काळी किंवा रक्ताची व्हायला लागली, हिरड्या चिकट किंवा पांढुरक्या दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका. आणि पार्व्हो या संसर्गजन्य, जुलाब करणाऱ्या आजाराची लस पूर्ण झालेली नसेल तर हे फोनवरच डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते पिल्लाला दवाखान्यात इतर पिल्लांपासून लांब घेतील.