वाचकांचे प्रश्न : टेक्ससची इन-स्टेट फी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. त्याने तिथे अपार्टमेंट घेतलंय, लायसन्सही तिथलंच काढलंय. पुढच्या वर्षी इन-स्टेट, म्हणजे टेक्ससच्या रहिवाशांची कमी फी लागेल ना? टॅक्समध्ये त्याला डिपेंडंट (आमच्यावर अवलंबून) दाखवणं बंद केलं तर काही फरक पडेल का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. टॅक्सची युक्ती बरेच पालक करून बघतात. पण टेक्ससचा कायदा तुम्ही मुलाला डिपेंडंट दाखवता का हे विचारत नाही, दाखवू शकता का हे विचारतो. चोविशीच्या आतला, पूर्णवेळ शिकणारा आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः न उचलणारा मुलगा सहसा त्यात बसतोच. रिटर्नवरून नाव काढलंत तर शिक्षणाचं टॅक्स क्रेडिट मात्र हातचं जाईल.

डिपेंडंट मुलाचं राज्य आईवडिलांवरून ठरतं. तुमच्यापैकी एकाने सेन्सस डेटच्या (विद्यापीठाच्या अधिकृत पटनोंदणीच्या तारखेच्या) किमान १२ महिने आधीपासून टेक्ससमध्ये बिऱ्हाड केलेलं हवं. फॉल आणि स्प्रिंग सेमिस्टरमध्ये ही तारीख म्हणजे वर्गांचा १२वा दिवस. ऑगस्ट २०२५मध्ये नोकरी घेऊन तिथे गेलात, तर फॉल २०२६ला इन-स्टेट फी. ऑक्टोबरमध्ये गेलात, तर फॉल हुकला, स्प्रिंग २०२७ची वाट बघा.

मुलगा खरोखर स्वतंत्र असेल तर त्याच्या नावावर काहीतरी ठोस लागतं : वर्षभर आठवड्याला सरासरी २० तासांची नोकरी, स्वतःचं घर किंवा धंदा, नाहीतर टेक्ससच्या रहिवाशाशी लग्न. विद्यार्थी म्हणून कॅम्पसवर मिळालेलं काम धरत नाहीत. भाडेकरार, लायसन्स, मतदार नोंदणी हे जोडीचे पुरावे, एकट्याने भागत नाही.

फेरविचारासाठी 'कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स'चा फॉर्म भरून कागदांसह विद्यापीठाकडे द्यायचा, तोही सेन्सस डेटच्या आत. उशीर झाला की प्रकरण पुढच्या सेमिस्टरवर जातं. हमखास अडतं ते कंपनीच्या पत्रावर. 'सध्या आमच्याकडे नोकरीला आहेत' एवढ्याने काम होत नाही. रुजू झाल्याची तारीख हवी आणि तिथपासून १२ महिने भरलेले दिसायला हवेत.

प्रश्न : पुण्याहून टेक्ससला एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर मास्टर्सला आलोय. वर्षभर इथे राहिलो की फी कमी होईल?

उत्तर : एफ-१वर टेक्ससमध्ये डोमिसाइल, म्हणजे कायदेशीर कायमचा रहिवास, होत नाही, कितीही वर्षं राहिलात तरी. (एच-१बी या नोकरीच्या आणि एच-४ या त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर होऊ शकतं, त्यामुळे मित्राची फी कमी झाली असेल तर आधी त्याचा व्हिसा विचारा.)

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत, दोन्ही रहिवासाशिवायच्या. पहिली : वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप. ती विद्यापीठाने मान्य केलेल्या समितीने, टेक्ससच्या मुलांनाही स्पर्धेत घेऊन दिलेली असली, तर विद्यापीठ बाहेरच्यांना लागणारी ज्यादा फी माफ करू शकतं. पण अशी माफी एकूण विद्यार्थ्यांच्या ५ टक्क्यांपर्यंतच, आणि एका वेळी फार तर १२ महिने. म्हणून ऑफर लेटर हातात पडलं की फक्त रक्कम बघू नका; सोबत फीमाफी आहे का, ते डिपार्टमेंटला ईमेलवर विचारून लेखी घ्या.

दुसरी वाट टीए (टीचिंग असिस्टंट) किंवा आरएची (रिसर्च असिस्टंट). काम निदान अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला २० तास, आणि तुमच्या डिग्रीच्या विषयाशी निगडित हवं. लायब्ररीच्या काउंटरवरचे २० तास इथे उपयोगाचे नाहीत.