नुसता अर्थ सांगून मोकळा होऊ नकोस
अरे नवीनच शिकवायला लागलायस ना, मग एक ऐक, इंग्लिश शब्दाचा मराठी अर्थ सांगितला की झालं असं नसतं. 'बॉरो' (उसनं घेणं) आणि 'लेंड' (उसनं देणं) हे शब्द घे, दोन्हीकडे आपण 'उसनं'च म्हणतो, त्यामुळे 'कॅन यू बॉरो मी अ पेन' हे हमखास ऐकायला मिळतं. तिथे व्याख्या देत बसलास तर अजून घोळ, सरळ पेन काढ, आधी तू माग, मग विद्यार्थ्याला मागायला लाव, कोण देतंय कोण घेतंय हे दिसलं की विषय संपला. व्याख्या द्यायचीच तर मूळ शब्दापेक्षा सोप्या शब्दांत दे, लाँगमन प्रकाशनाच्या १९७८ च्या इंग्लिश डिक्शनरीत जवळपास सगळे अर्थ साधारण २००० ठरावीक सोपे शब्द वापरूनच दिलेत, भारी शिस्त आहे ती. आणि 'डिसिजन' शब्द शिकवलास तर 'मेक'सकट दे ('मेक अ डिसिजन'), 'होमवर्क' दिलास तर 'डू'सकट, कारण विचारलं तर वापर तसाच आहे म्हणून सांग. स्पेलिंगचं नंतर बघू. फक्त 'समजलं का?' विचारू नको, सगळे हो म्हणतात (मान डोलवायला काय जातंय), त्यापेक्षा स्वतःचं वाक्य करायला लाव आणि दोन दिवसांनी तोच शब्द परत विचार.