स्क्रीनसमोरची दुसरी खुर्ची

“मॅडम, बाकीचं सगळं जमतं हो. मुलांशी बोलता येतं, पालकांना समजावता येतं. पण ते लॅपटॉपवरचं काही मला जमणार नाही.”

करिअर समुपदेशनाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या जवळपास प्रत्येक तुकडीत हे वाक्य मला ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे असतात. कुणी शिक्षक, कुणी कंपनीच्या एचआरमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले, कुणी मुलं मोठी झाल्यावर स्वतःसाठी काही करायला निघालेल्या गृहिणी. माणसं वाचायची जाण यांच्याकडे भरपूर असते. तरीही ऑनलाइन चाचणी, प्रवेशाची संकेतस्थळं, व्हिडिओवरची सत्रं यांचा विषय निघाला की आवाज खाली येतो. हल्ली त्याला आणखी एक काळजी चिकटते: मुलं थेट चॅटजीपीटीलाच विचारतात, मग आपल्याकडे कोण येणार?

या सगळ्यांसाठी एका बाईंचा अनुभव लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि संबंधितांची परवानगी घेतली आहे. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

बाईंनी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत वर्षानुवर्षं मराठी आणि इतिहास शिकवला आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझ्याकडे आल्या तेव्हा अभ्यासक्रम सोडायचं जवळजवळ ठरवलेलं होतं. सरावाच्या तासाला त्यांना डाउनलोड केलेला अहवाल सापडेना आणि शेजारच्या पंचविशीतल्या मुलीने तो क्षणात उघडून दिला, एवढंच निमित्त.

मी विचारलं, “शाळेत सरल पोर्टलवर मुलांची माहिती कोण भरायचं?”

“मीच. आणखी कोण भरणार?”

“कधी भरायचात?”

“रात्री, जेवणं आटोपल्यावर. दिवसा तास असायचे.”

“आणि यू-डायसवर शाळेची माहिती?”

“तेही माझ्याकडेच.”

“आणि दहावीची कल चाचणी?”

“2016 मध्ये पहिल्यांदा झाली ना, तेव्हा लॅबमध्ये मीच होते. मुलं गटागटाने यायची.”

“मग लॅपटॉप जमत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते वेगळं होतं मॅडम. तिथे मी एकटी असायचे. चुकलं तर खोडून पुन्हा भरायचं. इथे समोर मूल, शेजारी त्याचे आईवडील. त्यांच्यादेखत बटण सापडलं नाही तर माझ्यावर विश्वास कोण ठेवील?”

हे उत्तर बाहेर यायलाच बराच वेळ लागतो. ज्यांनी रात्री जागून शेकडो मुलांच्या नोंदी भरल्या, त्यांना यंत्राची भीती नसते. मुलासमोर आपलं अडणं दिसेल, याची भीती असते. ती घालवायला संगणकाचा आणखी एक वर्ग लावून उपयोग होत नाही.

“जमेल तुम्हाला, सोपं आहे,” असं मी कधी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बान्दुरा यांनी 1977 मध्ये आत्मविश्वासाच्या या विशिष्ट रूपाबद्दल, म्हणजे ‘हे काम मला करता येईल’ या भरवशाबद्दल, जे मांडलं त्यावर माझं बरंचसं काम उभं आहे. त्यांच्या मते हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर. आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिलं तरी वाढतो. नुसत्या धीराच्या शब्दांनी फार थोडा, आणि छाती धडधडत असेल तर तोही टिकत नाही. प्रशिक्षणात मात्र उलटं चालतं. शिकवणारा भराभर बटणं दाबत जातो, शिकणारा वहीत उतरवत जातो आणि वर “सोपं आहे” हेही ऐकतो. सोप्या गोष्टीत अडलेल्या माणसाला आपण आणखीच कमी वाटायला लागतो. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे: शिकणाऱ्याच्या माउसला मी हात लावत नाही, कितीही वेळ लागला तरी.

मुलासमोर अडण्याच्या भीतीवरही बोललो.

“वर्गात एखादा सन आठवला नाही तर काय करायचात?”

“मुलांना सांगायचे, काढा पुस्तक, बघू या.”

“मुलांचा विश्वास उडायचा?”

“छे! उलट शोधायला त्यांनाच मजा यायची.”

“मग इथेही ‘बघू या’ म्हणा.”

पुढचे काही आठवडे साधे होते. बाईंनी पहिल्या भेटीआधी पालकांना पाठवायचा गुगल फॉर्म बनवला. शाळेच्या सवयीने त्यात जन्मखुणेपर्यंत सगळं विचारलं होतं. “यातलं पहिल्या भेटीत खरोखर काय लागतं?” असं विचारत आम्ही तो सहा प्रश्नांवर आणला. राज्य सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांच्या कटऑफ याद्या त्यांनी तरुण प्रशिक्षणार्थींपेक्षा लवकर आत्मसात केल्या. GOPENS, LOPENH असल्या संकेतांना इतर जण बिचकत होते. बाईंना सुरुवातीचा ‘एल’ म्हणजे मुलींच्या जागा, शेवटचा ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तर हे एकदा सांगितल्यावर पुरलं. प्रवर्ग आणि दाखले यांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

मग प्रत्यक्ष सत्राचा दिवस आला. दहावी झालेली, मराठी माध्यमाची मुलगी आईबरोबर आली होती. मी बाजूला निरीक्षणाला बसले होते. आवडी तपासायला आम्ही अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या संकेतस्थळावरची विनामूल्य प्रश्नावली वापरतो. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा आवड-क्षेत्रांवर आधारलेली 60 वाक्यं, प्रत्येक कामाबद्दल ‘मुळीच आवडणार नाही’पासून ‘खूप आवडेल’पर्यंत पाच पर्याय आणि वेळेचं बंधन नाही. वाक्यं इंग्रजीत आहेत आणि कामं अमेरिकेतली, त्यामुळे तिचा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये असं माझं ठाम मत आहे. बोलणं सुरू करायला मात्र तिच्यासारखं साधन नाही.

बाईंनी लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या आणि माउस मुलीच्या हातात दिला. “मी वाक्य मराठीत सांगते, तू तुला वाटेल ते दाब. कुठे अडलं तर दोघी मिळून बघू या.” आई मागे बसली होती.

मुलगी झपाझप पुढे जात होती. ‘घरगुती उपकरणं दुरुस्त करणं’ हे वाक्य आलं. तिने ‘आवडेल’वर टिचकी मारली. मग मान किंचित मागे वळवली, आईकडे पाहिलं आणि उत्तर बदलून ‘नक्की सांगता येत नाही’ केलं. बाईंनी ते पाहिलं. काहीही न बोलता त्यांनी पुढचं वाक्य वाचलं.

निकालात लोकांना मदत करण्याचं, शिकवण्याचं क्षेत्र सगळ्यात वर आलं. आई खूश झाली. “बघा, मी म्हणतच होते. मास्तरीण होऊ दे तिला.”

बाईंनी आईला माझ्याबरोबर चहाला पाठवलं. पुढचं बोलणं त्यांनी नंतर मला सांगितलं.

“मघाशी एका ठिकाणी तू उत्तर बदललंस.”

“कुठे?”

“दुरुस्तीच्या वाक्याला.”

बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, “घरचा मिक्सर मीच नीट करते. शेजारच्या काकूंचा पंखापण केला. कपॅसिटर गेला होता.”

“मग बदललंस का?”

“आई म्हणते हे सांगत फिरू नको. लोक हसतात.”

अहवालात यातलं काही नव्हतं. प्रत्यक्ष हाताने करायच्या कामांचा आकडा मध्यम आला होता आणि बदललेल्या उत्तराची तिथे खूणही नव्हती. संगणकाने शेवटी दाबलेला पर्याय मोजला. त्याआधीचा एक क्षण फक्त शेजारी बसलेल्या माणसाला दिसला होता, आणि समुपदेशन सुरू झालं ते तिथून.

मग दोघींनी मिळून शोधलं. दहावीनंतर तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा, त्यातून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट, शिवाय आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड. टाइप मुलगी करत होती. आई परत आली तेव्हा बाईंनी निकाल किंवा माहिती पुढे केली नाही. मुलीला म्हणाल्या, “पंख्याचं काय झालं होतं, ते आईंना नीट सांग.” मुलगी पाच मिनिटं बोलत होती. आपली मुलगी एवढं सलग बोलते, हे त्या आईने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

आई लगेच तयार झाली नाही. तिची खरी अडचण पैशांची होती, आणि मोबाइलवर ‘मुलींना सगळं शिक्षण मोफत’ असा संदेश आला होता, त्यावर तिची मदार होती. “थांबा, जीआर बघू,” बाई म्हणाल्या. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर त्यांची बोटं आमच्यापैकी कुणाहीपेक्षा वेगाने चालतात. मुलींच्या शुल्कमाफीचा जुलै 2024 चा निर्णय काढून त्यांनी अटी मोठ्याने वाचल्या: व्यावसायिक अभ्यासक्रम, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्ग, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत. मुलगी पुढे अभियांत्रिकीच्या पदवीला गेली तर याचा काय उपयोग होईल आणि त्यासाठी कोणते दाखले आत्तापासून काढून ठेवायचे, ते कागदावर लिहून दिलं. त्यानंतरही आईशी पुन्हा बोलावं लागलं. मुलगी आता शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला आहे.

त्या दिवशी निरीक्षणाच्या वहीत मी जे लिहिलं, ते तेव्हापासून प्रत्येक तुकडीला शिकवते. बाई ‘तरबेज’ असत्या तर त्यांनी चाचणीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली असती, मुलीने ती घरी भरली असती आणि आम्ही सगळे एका सुबक पीडीएफभोवती बसून शिक्षिका होण्याची चर्चा केली असती. माउस मुलीच्या हाती राहिला, म्हणून बाईंची नजर मोकळी राहिली. साधन चालवणारा आणि पाहणारा एकच माणूस असला की पाहणं मागे पडतं. नव्या समुपदेशकाने साधन शिकावं ते याचसाठी, की त्यात लक्ष न गुंतता ते माणसाकडे राहावं. मला माझ्या या पद्धतीचा अभिमान आहे, आणि ती पक्की झाली ती बाईंमुळे.

हे वाचणाऱ्या प्रशिक्षणार्थींना म्हणून सांगते: सगळी साधनं एकदम शिकू नका. आधी एक प्रश्नावली स्वतः भरा, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. आपल्या उत्तरांकडे कुणी बघत असेल तर काय वाटतं, ते कळेल. मग प्रवेशाची अधिकृत संकेतस्थळं रोज थोडी चाळा. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीची पुस्तिका पाठ असण्यापेक्षा या वर्षीची कुठे सापडते हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या क्षमता चाचण्यांबद्दल मी फार आग्रही आहे. वडिलांच्या मोबाइलवर, तुटक नेटवर्कवर, मध्येच फोन येत असताना दिलेल्या चाचणीचा आकडा मुलाच्या बुद्धीबद्दल काही सांगत नाही. ती कुठे, कशावर आणि कुणाच्या उपस्थितीत दिली हे विचारल्याशिवाय अहवाल उघडूच नका.

चॅटजीपीटीला घाबरू नका आणि त्याच्यावर विसंबूही नका. एखाद्या क्षेत्राची तोंडओळख करून घ्यायला, पालकांसाठीच्या पत्राचा मसुदा करायला ते चांगलं आहे. कटऑफ, शुल्क, पात्रता आणि तारखा यांत ते जुनी-नवी माहिती आत्मविश्वासाने एकत्र करून देतं. मूल असं उत्तर घेऊन आलं तर त्याला खोडू नका. “चल, मूळ यादीत बघू या,” म्हणा. ते कसं तपासायचं हे शिकवणारं कुणीतरी मुलाला हवं असतं, तुमच्याकडे कोण येणार याचं उत्तर मला त्यातच दिसतं. मुलाचं नाव, गुण, घरची परिस्थिती मात्र अशा साधनात कधीही टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे. अहवाल कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर टाकायची विनंती पालक स्वतःच करतात. तेव्हा नाही म्हणायला शिका.

बाई आता स्वतंत्रपणे काम करतात, बरीचशी सत्रं व्हिडिओवर घेतात. मध्यंतरी त्यांनी विचारलं, “ऑनलाइनमध्ये शेजारी कसं बसायचं?” मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. सुरुवातीलाच विचारा, “खोलीत आणखी कोण कोण आहे?” मग स्क्रीन तुम्ही शेअर करू नका, मुलाला करायला सांगा. प्रश्नावली त्याच्या बाजूने उघडू द्या आणि वाक्य तुम्ही वाचा. बाण कुठे थांबतो, कोणता पर्याय निवडून पुन्हा बदलला जातो, हे तुम्हाला दिसत राहील. मोबाइलवर बाण दिसत नाही, पण बदललेली खूण तिथेही दिसते. ती दिसली की लगेच बोलू नका. प्रश्नावली पूर्ण होऊ द्या, घरातलं दुसरं कुणी खोलीत असेल तर त्यांना थोडा वेळ बाहेर थांबायची विनंती करा आणि मग विचारा.